गरीब बिचारा पिएरो : १८९२ ची एक फ्रेंच चित्रफीत, दोन विदूषक आणि एक कोलोंबीन

कंदील

गेल्या आठवड्यात रात्री जेवणं झाल्यावर लॅपटॉपवर एक चार-पाच मिनिटांची चित्रफीत बघितली आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. म्हणून हा धागा.

फीत आहे एमिल रेनो या फ्रेंच माणसाची, नाव 'पोव्र पिएरो', म्हणजे 'गरीब बिचारा पिएरो'. २८ ऑक्टोबर १८९२ रोजी पॅरिसच्या ग्रेवँ संग्रहालयात ती पहिल्यांदा लोकांना दाखवली गेली. ल्युमिएर बंधूंचा तिकीट लावून झालेला सिनेमाचा पहिला खेळ २८ डिसेंबर १८९५ चा. त्याच्याही तीन वर्षं दोन महिने आधी अंधाऱ्या खोलीत पडद्यावर हलणारी माणसं लोक बघत होते. ती कॅमेऱ्याने टिपलेली नव्हती, हाताने रंगवलेली होती. पाचशे चित्रं, एकाच माणसाने काढलेली.

गोष्ट अगदी साधी. रात्रीची वेळ, एक अंगण, मागे घर. आर्लकँ भिंत चढून आत येतो. तो कोलोंबीनचा प्रियकर. दोघांची भेट होते न होते तोच दारावर थाप पडते. आर्लकँ लपतो. येतो तो पिएरो, पांढऱ्या सैल कपड्यांतला, फुलांचा गुच्छ घेऊन. त्याचंही कोलोंबीनवर प्रेम. मग तो तिच्यासाठी गाणं म्हणायला लागतो आणि मागून आर्लकँ त्याला काठीने टोचतो, मारतो, घाबरवतो. कोण मारतंय हे पिएरोला कळत नाही. शेवटी तो पळून जातो आणि मैदान आर्लकँचं.

मी हसलो. मग लगेच दुसऱ्यांदा बघितली आणि या वेळी हसूच येईना. गुच्छ घेऊन आलेला माणूस, गाणं नीट म्हणायचा प्रयत्न करतोय, आणि ज्याच्यामुळे हे सगळं होतंय तो त्याच्या पाठीशी उभा आहे. त्याला शेवटपर्यंत माहीतच नाही की इथे तिसरा कुणी आहे. प्रेमाचा त्रिकोण आपल्याला तीन टोकांचा दिसतो, पिएरोच्या लेखी तो कायम दोघांचाच असतो. मला वाटतं रेनोने नावात 'गरीब बिचारा' घातलंय ते म्हणूनच.

आईला दाखवली. तिने शांतपणे बघितली आणि एवढंच विचारलं, "त्या मुलीने याला सरळ सांगितलं का नाही?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला सुचलं तर लिहा. फीत जालावर सहज सापडते, आधी बघा आणि मग वाचा.

चाफेकळी

बघितली! रंग अजून इतके टवटवीत असतील असं वाटलं नव्हतं.

काकूंच्या प्रश्नाबद्दल. ही तिन्ही पात्रं रेनोने घडवलेली नाहीत. त्याच्या वेळी ती निदान दोनशे वर्षं जुनी होती, प्रेक्षक त्यांना नावाने ओळखत होते. मूळ इटालियन मुखवट्यांच्या नाटकातली. पॅरिसमध्ये इटालियन नटांची कंपनी होती, तिथे १६७० च्या दशकात पिएरो हे पात्र पक्कं झालं. भाबडा, खेड्यातून आलेला नोकर. कोलोंबीन चलाख मोलकरीण. आर्लकँ ठिगळांच्या रंगीत कपड्यांतला, चपळ, लबाड, पोटाचा भुकेला. १६९७ मध्ये चौदाव्या लुईने या कंपनीला हाकलून दिलं, तेव्हा ही पात्रं जत्रांमध्ये गेली. सँ-झेर्मँ आणि सँ-लोराँ या पॅरिसच्या दोन मोठ्या जत्रा.

आता मुख्य गोष्ट. मोठ्या सरकारमान्य नाटक कंपनीला संवादांची मक्तेदारी होती आणि तिने जत्रेतल्या नटांच्या बोलण्यावर बंदी आणली. मग जत्रावाल्यांनी काय केलं, तर नट मूक अभिनय करायचे आणि गाण्याचे शब्द लिहिलेले फलक प्रेक्षकांसमोर धरायचे. प्रेक्षकांतच आपली माणसं बसवलेली असायची, ती चालीवर सुरुवात करायची आणि सगळी जत्रा गायची. पात्रं गप्प आणि प्रेक्षक गातायत!

म्हणजे कोलोंबीन 'सरळ सांगत' नाही कारण या तिघांची घडणच न बोलता झाली आहे. जे आहे ते अंगाने सांगायचं. ज्याला अंगाची भाषा येत नाही तो हरतो. आर्लकँला येते, पिएरोला येत नाही.

टाचणी

वरचा इतिहास आवडला, पण कोलोंबीनची बाजू अशी सोडून चालणार नाही.

तिला कुणी विचारलंय का? एक भिंतीवरून उडी मारून येतो, दुसरा गुच्छ घेऊन दाराशी उभा राहतो. जुन्या खेळांमध्ये वर तिचा बापही असतो, त्याला तिचं लग्न भलत्याच म्हाताऱ्या पैसेवाल्याशी लावायचं असतं, आणि पिएरो पुष्कळदा त्याच बापाचा नोकर. मग ज्या नोकराला बापाने पहाऱ्याला बसवलंय त्याला ती आपल्या मनातलं सांगेल? सांगितलं तर ते सकाळपर्यंत बापाच्या कानावर. तिने गप्प राहणं हा शहाणपणा आहे, दगाबाजी नाही.

आपण पिएरोवर इतका जीव लावतो की तिने त्याच्यावर प्रेम करायलाच हवं होतं असं वाटायला लागतं. का करायला हवं होतं? तो चांगला आहे म्हणून?

कंदील

टाचणी, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. या फितीत बाप दिसत नाही, पण तेव्हाच्या बघणाऱ्यांच्या डोक्यात तो असणारच. प्रेमाची परतफेड व्हायलाच हवी असं माझं म्हणणं नाही. माझा जीव तुटतो तो काठीसाठी. आर्लकँला ती मिळालेली आहे, मग मारायचं कशाला?

रीळ

मी अॅनिमेशनमध्ये काम करतो, बावीस वर्षं झाली, म्हणून यंत्राबद्दल लिहितो. हे कळलं की त्या काठीचं महत्त्व आणखी वाढतं.

रेनोने १८७७ मध्ये प्रॅक्सिनोस्कोप नावाचं खेळणं बनवलं होतं. फिरणारं गोल डबडं, आतल्या बाजूला चित्रांची पट्टी, मध्ये आरसे. त्यात चित्रं डझनभरच, त्यामुळे तीच ती हालचाल पुन्हा पुन्हा. झोका घेणारी मुलगी झोकाच घेत राहणार. गोष्ट सांगायची तर सुरुवात आणि शेवट हवा, त्यासाठी लांब पट्टा हवा. १८८८ मध्ये त्याने 'तेआत्र ऑप्टिक'चं पेटंट घेतलं ते त्यासाठी. पारदर्शक जिलेटिनच्या चौकोनांवर एकेक चित्र, ते चौकोन एका लांब पट्ट्यात बसवलेले, आणि दोन चित्रांच्या मध्ये एक भोक. चाकाचे खुंट त्या भोकांत अडकून पट्टा पुढे सरकतो. पिएरोचा पट्टा साधारण ३६ मीटरचा. पुढे सिनेमाच्या फिल्मला जी भोकं आली त्याच जातीची ही कल्पना.

पात्रांच्या भोवतीचा भाग काळा. अंगण, घर, झाडं हे सगळं दुसऱ्या दिव्यातून वेगळं पडद्यावर टाकलेलं आणि त्यावर पात्रं हलतात. आम्ही आजही पार्श्वभूमी आणि पात्र वेगवेगळे ठेवतो ते त्याच कारणाने, हलत नाही ते प्रत्येक वेळी पुन्हा कशाला काढायचं?

आता बघा. पाचशे चित्रं नुसती सरळ सोडली तर खेळ बघता बघता संपेल. पण तेव्हा प्रयोग बारा-पंधरा मिनिटं चालायचा. कसा? पडद्यामागे रेनो स्वतः उभा, दोन्ही हातांनी दोन चकऱ्या फिरवणारा. हवं तिथे थांबायचं, हवं तिथे मागे न्यायचं, पुन्हा पुढे. पिएरो दचकतो ती चित्रं पुढे-मागे केली की तो दोनदा, तीनदा दचकतो. नटाला प्रेक्षकांचा श्वास कळतो तसा तो यंत्राला कळायची सोय होती. आज जालावर जी दिसते ती ठरावीक वेगाने जोडलेली आवृत्ती आहे, रेनोचे हात त्यात नाहीत.

आणि काठी. पट्ट्यावर नेमक्या ठिकाणी धातूच्या बारीक पट्ट्या लावल्या होत्या. तिथे पट्टा पोचला की विजेचं मंडल जुळायचं आणि फटक्याचा आवाज व्हायचा, आपोआप. १८९२ मध्ये. हलत्या चित्राशी जोडलेला आवाज पहिल्यांदा असा यंत्राने वाजवला तो कशासाठी, तर पिएरोच्या पाठीवर बसलेल्या फटक्यासाठी. मी हे नव्या मुलांना शिकवताना नेहमी सांगतो आणि सांगताना माझा घसा दर वेळी जरा दाटतो.

बाकी संगीत गास्ताँ पोलँ यांचं, पियानोवर ते स्वतः बसायचे.

आभाळवेडी

रीळ, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका ना, खरंच.

मला एक भर घालायची आहे. पिएरो पहिल्या रेकॉर्डिंगमध्येही आहे! माणसाच्या आवाजाची आज ऐकता येणारी सगळ्यात जुनी ओळखू येणारी नोंद ९ एप्रिल १८६० ची, एदुआर-लेऑं स्कॉट द मार्तँव्हिल यांची. काजळी लावलेल्या कागदावर आवाजाच्या लाटा कोरलेल्या होत्या. तेव्हा ते वाजवून ऐकायची सोयच नव्हती, २००८ मध्ये संगणकाने ऐकता आलं. त्यावर जे गाणं आहे ते फ्रेंच मुलांच्या तोंडी असलेलं, चांदण्यातल्या पिएरोचं.

गाण्यात कुणीतरी पिएरोचं दार ठोठावतो : मेणबत्ती विझलीय, काहीतरी लिहायचंय, लेखणी दे. पिएरो म्हणतो, माझ्याकडे लेखणी नाही, मी झोपलोय, शेजारणीकडे जा, तिच्या घरी चूल पेटलेली दिसते. आणि मग तो शेजारणीकडे जातो आणि पुढे त्या दोघांच्या मागे दार लागतं. म्हणजे इथेही तेच. स्वतःच्या हाताने दुसऱ्याला तिच्या दाराशी पाठवून पिएरो झोपलेला.

जुना वाचक

दब्यूरोचं नाव अजून कुणी घेतलं नाही म्हणून लिहितो.

कंदील, तुम्हाला दुसऱ्यांदा बघताना हसू आलं नाही, त्याचं मूळ झाँ-गास्पार दब्यूरो या नटात आहे. जन्म १७९६, बोहेमियातल्या कोलीनचा. डोंबारी कुटुंबात वाढला, गावोगाव कसरती करत पॅरिसला आला. बुलव्हार द्यू ताँप्ल या रस्त्यावर फ्यूनांब्यूल नावाचं लहानसं, स्वस्त नाटकघर होतं, तिथे तो पिएरो व्हायचा. त्याच्या आधीचा पिएरो म्हणजे मार खाणारा भोळसट. दब्यूरोने त्याची गळ्याभोवतीची मोठी झालर काढली, हॅट काढली, डोक्याला काळी घट्ट टोपी घातली. त्यामुळे पांढरा चेहरा एकदम उघडा पडला. लांबून, वरच्या माळ्यावरच्या सगळ्यात स्वस्त जागेवरूनसुद्धा भुवई उचललेली दिसायची. आणि तो स्थिर राहायचा. बाकीचे धावतायत, उड्या मारतायत, आणि मध्ये हा उभा. तिथपासून लोकांच्या नजरा आर्लकँवरून पिएरोकडे वळल्या. आधीच्या खेळांत नायक आर्लकँ असायचा, कारण जो जिंकतो तो नायक. दब्यूरोनंतर हरणारा नायक झाला.

त्याच्या आयुष्यातली एक घटना मात्र विसरता येत नाही. १८३६ मध्ये तो बायकोबरोबर फिरायला निघाला असताना एका पोराने त्यांना अपशब्द वापरले, पिच्छा सोडेना. दब्यूरोने हातातली काठी मारली, पोरगा मेला. खटला झाला, तो सुटला. असं सांगतात की कोर्टात गर्दी लोटली होती ती त्याचा आवाज कसा आहे ते ऐकायला. रंगमंचावर कधीही न बोललेला माणूस पहिल्यांदा चारचौघांत बोलणार होता. आयुष्यभर रंगमंचावर काठीच्या मारामारीचं सोंग केलं आणि खऱ्या काठीने एक जीव गेला. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी दुसरं काही वाचलं नाही.

१८४६ मध्ये तो गेला. १८६२ मध्ये शहराच्या नव्या आखणीत ते नाटकघर आणि रस्त्याची ती सगळी बाजू पाडली.

सर्कसप्रेमी

धाग्यात विदूषक म्हटलंय आणि सर्कस कुठेच नाही, म्हणून.

त्याच रात्री, २८ ऑक्टोबर १८९२ ला, रेनोने तीन फिती दाखवल्या. त्यांतली एक विदूषक आणि त्याच्या कुत्र्यांची, सरळ सर्कशीतली. ती आज उरलेली नाही. पण बघणाऱ्यांना पिएरो आणि सर्कशीचा विदूषक यांच्यातलं नातं वेगळं सांगावं लागत नव्हतं. फ्रेंच सर्कशीतल्या 'पांढऱ्या विदूषका'चा चेहरा पिएरोकडूनच आलाय.

पण बघा कसं उलटं झालं. सर्कशीत जोडी असते : पांढऱ्या चेहऱ्याचा, टोकदार टोपीचा, झगमगीत कपड्यांतला शहाणा, आणि दुसरा 'ओग्यूस्त', मोठे बूट, ढगळ कोट, लाल नाक. मार कोण खातो? ओग्यूस्त. मारतो कोण? पांढरा. म्हणजे रिंगणात येताना पिएरोचा चेहरा आर्लकँची काठी घेऊन आला. आर्लकँच्या हातातली ती काठी दोन पातळ फळ्यांची असायची, हळू मारली तरी फाडकन आवाज. मारामारीच्या विनोदाला इंग्रजीत 'स्लॅपस्टिक' म्हणतात ते त्या फळ्यांवरूनच.

याचं सगळ्यात बोचरं उदाहरण पॅरिसच्या नुव्हो सिर्कमधली फुटिट आणि शोकोला ही जोडी. फुटिट इंग्रज, पांढरा विदूषक. शोकोला म्हणजे राफाएल, क्युबात गुलामगिरीत जन्मलेला काळा माणूस. रोज रात्री थपडा तो खायचा आणि गोरे प्रेक्षक खूश व्हायचे. ल्युमिएरच्या कॅमेऱ्याने त्यांना टिपलंय. ती फीत बघताना 'मार खाणाऱ्याला हसायचं की नाही' हा कंदील यांचा प्रश्न एकदम वेगळाच होतो. तिथे मार खाणं हे सोंग उरत नाही.

टाचणी

सर्कसप्रेमी, धन्यवाद. हे वाचून थांबले थोडा वेळ.

प्रेमाच्या त्रिकोणाकडे परत येते. १८९२ मध्येच, २१ मे रोजी, मिलानमध्ये लेऑनकाव्हालोचा 'पालियाची' हा ऑपेरा पहिल्यांदा झाला. फिरत्या नाटक मंडळीचा प्रमुख कानियो रंगमंचावर विदूषक, त्याची बायको नेद्दा कोलोंबीना, आणि तिचा खऱ्या आयुष्यातला प्रियकर कंपनीबाहेरचा. खेळ चालू असताना कानियो खरोखरच सुरा चालवतो. फ्रेंच लेखक कात्यूल माँदेसने तेव्हा तक्रार केली होती की ही कल्पना माझ्या १८८७ च्या नाटकातून उचलली.

एकाच वर्षी, पाच महिन्यांच्या अंतराने, तीच पात्रं. तिथे बाई मरते. रेनोच्या अंगणात कोलोंबीन जिवंत राहते आणि पिएरो घरी जातो. मला रेनोचा शेवट जास्त माणुसकीचा वाटतो. पिएरोला राग येत नाही. हरलेल्या पुरुषाने नुसतं निघून जाणं, हे रंगभूमीवर किती कमी वेळा बघायला मिळतं!

कंदील

या प्रतिसादाने माझं मत बदललं. मी 'पळून जाणं' म्हणत होतो, टाचणी 'निघून जाणं' म्हणतायत.

चाफेकळी

रेनोचं पुढे काय झालं?

रीळ

वाईट झालं. ग्रेवँ संग्रहालयाशी करार होता महिना ५०० फ्रँक आणि उत्पन्नातले दहा टक्के, पण त्याने फिती दुसरीकडे कुठे दाखवायच्या नाहीत. पट्ट्यांची डागडुजी त्याच्याच खर्चाने. १९०० पर्यंत साधारण १२,८०० प्रयोग झाले, पाच लाखांवर लोकांनी बघितले. जिलेटिन इतक्या वेळा दिव्यासमोरून गेल्यावर किती टिकणार? प्रत्येक पट्टा एकमेव. दुसरी प्रत हवी तर पाचशे चित्रं पुन्हा काढायची.

ल्युमिएरच्या फिल्मच्या मात्र हव्या तितक्या प्रती निघत. म्हणून ७ जुलै १८९६ ला, पॅरिसच्या खेळानंतर सात महिन्यांच्या आत, ती मुंबईत वॉटसन हॉटेलात पोचली होती. पिएरो कधीच कुठे गेला नाही. एका शहरातली एक खोली आणि एक माणूस, एवढंच त्याचं जग. झ्यूल शेरेने केलेली खेळाची जाहिरात छापील होती, तिच्या प्रती आजही संग्रहालयांत आहेत. जिची जाहिरात होती ती चित्रं मात्र बहुतेक गेली.

१९१० नंतर कधीतरी, हलाखीत आणि निराशेत, रेनोने बहुतेक पट्टे सीन नदीत टाकून दिले. उरल्या त्या दोनच, समुद्रकिनाऱ्याची एक आणि ही. जानेवारी १९१८ मध्ये तो गेला. २८ ऑक्टोबर हा दिवस आता जगभर अॅनिमेशन दिन म्हणून पाळतात. आमच्या कामाच्या ठिकाणी त्या दिवशी आम्ही पिएरो लावतो, दिवे बंद करून.

सायंतारा

सगळा धागा एका बैठकीत वाचला. ज्यांना दब्यूरो बघायचाय त्यांनी मार्सेल कार्नेचा १९४५ चा 'लेझाँफाँ द्यू पारादी' बघा. झाक प्रेव्हेरची पटकथा, जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये चित्रित झालेला. झाँ-लुई बारो दब्यूरो झालाय, सिनेमात त्याला बातिस्त म्हणतात.

त्यात फ्यूनांब्यूलमधला एक मूक खेळ आहे. पिएरोचं एका पुतळ्यावर प्रेम बसतं. त्याला झोप लागते आणि आर्लकँ येऊन पुतळ्याला घेऊन जातो. पुतळा झालीय गाराँस, जिच्यावर बातिस्तचं खरं प्रेम आहे. आर्लकँ झालाय फ्रेदेरिक, जो पुढे खरोखरच तिच्याजवळ जातो. पिएरो जीव द्यायला दोरी घेतो. तेवढ्यात एक लहान मुलगी येते आणि त्याच दोरीवरून उड्या मारते. मग एक धुणं धुणारी बाई येते आणि ती दोरी बांधून त्यावर कपडे वाळत घालायला लागते. ही बाई झालेली नाताली रंगमंचाबाहेर बातिस्तवर जीव टाकते.

आणि इथे, खेळ चालू असताना, पिएरोची नजर विंगेत जाते. तिथे गाराँस आणि फ्रेदेरिक हसत बोलतायत. बारोचा पांढरा चेहरा फक्त थांबतो. भूमिका गळून पडते आणि आतला माणूस दिसतो. नातालीला ते दिसतं आणि ती त्या मूक रंगमंचावर ओरडते, "बातिस्त!" जिथे बोलायचं नाही तिथे एकच शब्द, आणि तो जिच्याकडे कुणाचं लक्ष नाही तिच्या तोंडून.

कंदील, तुमच्या आईच्या प्रश्नावरून हेच आठवलं. सरळ सांगणारी कुणी असेल तर ती नाताली.

कंदील

सायंतारा, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला आणि लगेच तेवढा प्रसंग लावला. दोरीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईकडे बघून ती म्हणाली, "हिचे हात बघ, कपडे झटकतेय खरी, पण सगळं लक्ष त्याच्याकडे." मी तोवर फक्त बारोचा चेहरा बघत होतो. परत मागे नेलं आणि या वेळी नातालीवर नजर ठेवली.

पूर्ण सिनेमा तीन तासांच्या वर आहे, दोन भागांत. उद्या जेवणं लवकर उरकून पहिला भाग लावतोय. आईने शेजारच्या काकूंनाही बोलावलंय.